मुक्या जनावराचे दुखणे : रात्र काढावी की नाही ?

घरचे जनावर रात्री आजारी पडले की पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की आताच दवाखाना गाठावा की उजाडू द्यावे. अपरात्री वाहन जुळवायचे, तालुक्यापर्यंत जायचे, खर्च सोसायचा, हे सोपे नसते. अशा वेळी बहुतेक पशुपालक एकाच कसोटीवर निर्णय घेतात : जनावर किती ओरडते ? ही कसोटी फसवी आहे.

कुत्र्याचे नख मुळापासून उखडले तर ते सारी आळी डोक्यावर घेते. बैलाचे शिंग मोडले की रक्ताची धार पाहून माणसे घाबरून जातात. दोन्ही दुखणी वेदनेची खरी. परंतु स्वच्छ फडके घट्ट दाबून धरल्यावर रक्त थांबले, जनावर उभे राहून इकडेतिकडे पाहू लागले, तर सकाळपर्यंत थांबण्यास सहसा हरकत नसते. रक्त थांबतच नसेल तर गोष्ट वेगळी.

याउलट बोक्याचे उदाहरण घ्यावे. तो वारंवार कोपऱ्यात जाऊन बसतो, कुंथतो, काहीच होत नाही. घरातील मंडळी म्हणतात, पोट साफ होत नाही, आणि दूध-तूप पाजतात. वास्तविक त्याची लघवी अडलेली असते, आणि एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. खच्ची केलेल्या बैलाला मुतखडा झाला म्हणजे असाच प्रकार घडतो. बैल पाय झाडतो, शेपटी हलवतो, कण्हतो. आणि मग एकाएकी शांत होतो. धनी सुटकेचा निःश्वास टाकतो. पुष्कळदा त्याच क्षणी मूत्राशय फुटलेले असते, आणि ताण गेला म्हणूनच वेदना कमी झालेली असते. लघवी न होता आलेली शांतता ही बरे होण्याची खूण नव्हे.

नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईचा दुग्धज्वरही असाच मुका. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट कान गार पडतात. व्याल्यापासून साधारणतः तीन दिवसांच्या आत गाय खाली बसते, मान कुशीकडे वळवते आणि झोपल्यासारखी दिसते. ‘दमली असेल, विसावा घेऊ द्या’ असे म्हणून तिला रात्रभर सोडणे म्हणजे तिला गमावण्याची तयारी करणे होय. कॅल्शियमचे औषध पशुवैद्यकाने शिरेतून सावकाश दिले की अशी गाय बहुधा काही तासांत उभी राहते. इतका सोपा उपाय असताना केवळ उशिरामुळे जनावर जावे, ही हळहळ लावणारी गोष्ट आहे. पोटफुगीत तर तेवढाही अवधी नसतो. ओला लसूणघास किंवा लग्नघरचे उरलेले अन्न बेसुमार खाल्ल्यावर डावी भकाळी वर येते, थापटल्यास नगाऱ्यासारखी वाजते. जनावर मान ताणून तोंडाने श्वास घेऊ लागले, तर हिशोब तासांचा नव्हे, मिनिटांचा असतो.

मग पाहावे काय ? प्रथम श्वास. स्वस्थ पडलेल्या कुत्र्या-मांजराची छाती मिनिटाला तीसपेक्षा पुष्कळ अधिक वेळा हलत असेल, किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर थांबू नये. नंतर हिरडी. अंगठ्याने दाबून सोडली असता दोन सेकंदांत तिच्यावर गुलाबी रंग परत आला पाहिजे. ती पांढरी, निळसर वा मातकट दिसली तर रक्ताभिसरण कोलमडते आहे असे समजावे. गाईची हिरडी काळी असल्यास पापणीची आतली बाजू पाहावी. थर्मामीटर असेल तर तो गुदद्वारात लावावा. निरोगी गाईचे वा कुत्र्याचे तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या मानाने ते तापलेलेच. तापमान खूप वाढणे जितके वाईट, तितकेच ते घसरणेही वाईट. शाळेतील मुलेसुद्धा श्वास मोजू शकतात, आणि शिक्षकांनी त्यांना एकदा दाखवले तर ती घरी वडीलधाऱ्यांपेक्षा दक्ष ठरतात.

घरगुती उपचारांबद्दल दोन शब्द. गिळण्याचे बळ नसलेल्या जनावराला बळजबरीने तेल पाजले तर ते फुप्फुसात उतरते. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान आहे. आणि लाळ गळते, आवाज बदलला आहे, गिळता येत नाही, असे दिसताच ‘घशात काही अडकले’ म्हणून तोंडात हात घालू नये. ती पिसाळल्याची लक्षणे असू शकतात. हात लाळेने माखलाच तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घेण्यासाठी जावे.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी राज्यात १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. पथक कोणत्या वेळेत येते आणि रात्री कोणाला बोलवावे, हे ग्रामपंचायतीने आधीच विचारून फलकावर लिहून ठेवावे. दूरध्वनीवर ‘जनावर फार आजारी आहे’ एवढेच सांगून भागत नाही. दुखणे केव्हापासून, शेवटचे काय खाल्ले, रवंथ चालू आहे का, शेण व लघवी केव्हा झाली, हिरडीचा रंग कसा, हे सांगितले म्हणजे पशुवैद्यक कोणती औषधे बरोबर घ्यायची ते ठरवू शकतो. तो येईपर्यंत फुगलेल्या जनावराचे पुढचे पाय उंचावर राहतील असे उभे करावे, आणि जखमी कुत्रे न्यायचे झाल्यास कडेवर न घेता फळीवर किंवा ताणून धरलेल्या पोत्यावर न्यावे.