खांदेरीचा दीपस्तंभ
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अलिबाग तालुक्यातील थळच्या किनाऱ्यावर तिन्हीसांजेला उभे राहिले, म्हणजे समुद्रात एक दिवा ठराविक अंतराने चमकताना दिसतो. तो खांदेरीचा दीपस्तंभ होय. परगावच्या पाहुण्याला त्याचे कौतुक वाटते. थळच्या कोळ्याला तो घरची वाट दाखवितो.

हे बेट इतिहासप्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ साली येथे दुर्ग बांधावयास घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी आरमार धाडून काम अडवू पाहिले. परंतु मायनाक भंडारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेट सोडले नाही. पुढे इंग्रजी अमदानीत, १८६७ साली, याच बेटावर दीपस्तंभ उभा राहिला. १९९८ साली बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये खांदेरीसह बारा दुर्गांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

दीपस्तंभ ही विज्ञानाची उघडी शाळाच आहे. भिंगांच्या योजनेमुळे लहानशा दिव्याचा प्रकाश एकवटून दूरवर पोहोचतो. आसपासच्या दीपस्तंभांची उघडझाप निरनिराळी ठेवलेली असते. ती मोजून खलाशी आपण कोठे आहोत हे ओळखतो. आज उपग्रहाच्या साहाय्याने दिशा कळते. तथापि यंत्र बंद पडलेल्या रात्री डोळ्यांना दिसणारा दिवाच आधार देतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की सहल न्यावयाची तर रीतसर परवानगी काढून, पावसाळा टाळून न्यावी. अर्धा तास एखाद्या अनुभवी तांडेलाला बोलते करावे. वारा, भरती-ओहोटी व खडक यांविषयी त्याला जे ठाऊक आहे, ते पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

वारसा यादीत नाव आल्यावर माणसांचा ओघ वाढणारच. त्याचा लाभ स्थानिक होडीवाल्यास व्हावयाचा, की केवळ कचरा त्याच्या पदरी पडावयाचा, हे पंचायतीच्या दक्षतेवर अवलंबून आहे. होडीत किती माणसे घ्यावयाची, हे ठरलेले असावे. प्रत्येकास जीवरक्षक जाकीट मिळावे. नेलेला कचरा परत आणावा. बेटावरील वेताळाचे स्थान कोळी बांधवांच्या श्रद्धेचे आहे, तेथे मर्यादा पाळावी. तटावर नावे कोरणाऱ्यास तेथल्या तेथे अडवावे. अधिकाऱ्यांनी परवानगीचे नियम बंदरावर सोप्या मराठीत लावले, तर निम्म्या अडचणी आपोआप दूर होतील.

दीडशेहून अधिक वर्षे या दिव्याने इतरांची वाट राखली आहे. आता त्याची राखण आपण करावयाची आहे.