बहाडोलीचं जांभूळ आणि आपल्या केशवाहिन्या

पालघर तालुक्यात सूर्या नदीकाठी बहाडोली गाव आहे. तिथल्या टपोऱ्या जांभळाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते खाल्लं की जीभ जांभळी होते, तो रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. हे द्रव्य फ्लॅव्होनॉइड कुळातलं.

1936 साली शास्त्रज्ञ सेंट-ग्योर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबातल्या फ्लॅव्होनॉइडांमुळे केशवाहिन्यांची गळती कमी होते, असं मांडलं. त्यांनी त्याला ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं. पुढे हे जीवनसत्त्व नाही असं ठरलं आणि ते नाव मागे पडलं. केसाहूनही बारीक अशा या वाहिन्यांना खरा आधार क जीवनसत्त्वाचा, कारण त्याच्याशिवाय भक्कम कोलॅजन तयार होत नाही. आवळा, पेरू, लिंबू यांत ते भरपूर असतं.

याच पालघर तालुक्यातल्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत औषधं बनतात, तरी ताज्या फळाची जागा गोळीनं घ्यावी असं मला वाटत नाही. मात्र फळ हा आहार आहे, उपचार नव्हे. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठत असतील, तर झाडपाल्यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कोणताही अर्क किंवा काढा डॉक्टरांना विचारूनच घ्या.