डाव्या हाताचें लिहिणें
(सातारा-सांगली भागांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



लिहिणें, श्रद्धा आणि वाढतें वय या तीन गोष्टींवर आम्ही आज चार शब्द बोलणार आहों. कोणी म्हणेल, लिहिणें हें पंडितांचें काम, श्रद्धा ही देवळांतली वस्तु, आणि म्हातारपण म्हणजे ओसरीवरची घोंगडी. या तिहींची सांगड कशाला घालतां? ही सांगड आम्ही घातलेली नाहीं. आपल्याच मातींत मूळ असलेल्या एका माणसानें ती घालून दाखविली आहे.

जोतीराव फुल्यांचा जन्म १८२७ सालचा. हयात पुण्यांत गेली, पण घराण्याचें मूळ गांव खटाव तालुक्यांतील कटगुण. सावित्रीबाईंचें माहेर खंडाळा तालुक्यांतील नायगांव. म्हणजे सासर-माहेर दोन्हीं बाजूंनीं हें घर आपलेंच.

१८८८ च्या मे महिन्यांत मुंबईच्या लोकांनीं जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी दिली, आणि त्याच वर्षीं त्यांना पक्षघाताचा झटका आला. उजवें अंग लुळें पडलें. ज्या हातानें १८७३ सालीं 'गुलामगिरी' आणि १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो हात लेखणी धरीना. वय एकसष्ट. घरांत पैशाची ओढ. अशा वेळीं माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तर त्याला कोण बोल लावील? पण जोतीरावांनीं लेखणी डाव्या हातांत घेतली, आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. दत्तक पुत्र यशवंत यानें १८९१ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. छापलेलें पुस्तक जोतीरावांना पाहावयास मिळालें नाहीं.

आतां या डाव्या हातानें काय लिहिलें तें पाहा. आधींच्या पुस्तकांत त्यांनीं रयतेची फिर्याद मांडली होती : कोणीं लुबाडलें, कसें लुबाडलें, कागदाच्या जोरावर शेत कसें गेलें. अखेरच्या पुस्तकांतही टीका आहेच. पण त्यांतला मोठा प्रश्न निराळा आहे : जोखड मानेवरून उतरल्यावर माणसानें माणसाशीं वागावें कसें? त्यांत त्यांनीं सांगितलें कीं, सर्वांचा निर्मीक एक. त्याच्या आणि आपल्या मध्यें दलाल नको. स्त्री आणि पुरुष यांचे हक्क सारखे. आणि एक गोष्ट तर अशी सांगितली कीं, ती आजही पुष्कळांना पचत नाहीं. एका घरांत बायकोला बुद्धाचा धर्म पटला, नवऱ्याला ख्रिस्ताचा, मुलीला महंमदाचा आणि मुलाला सार्वजनिक सत्यधर्म, तरी त्यांनीं एकमेकांचा द्वेष न करतां एका घरांत प्रेमानें राहावें, असें त्यांचें म्हणणें. जन्मभर झुंजलेल्या माणसानें अखेरीस श्रद्धेचा अर्थ एवढा मोकळा केला.

वय वाढतें तसें माणसाचें खळें होतें. बैल फिरून गेलेले असतात, मळणी झालेली असते. आतां उफणायचें तेवढें राहतें. वाऱ्यावर भूस उडतें आणि दाणा पायाशीं पडतो. आमचेंही वय झालें. अक्षर वांकडें येतें, चष्म्यावांचून ओळ दिसत नाहीं. पण एक अनुभव तुम्हांस सांगतों. आपण कशावर विश्वास ठेवितों हें तोंडानें सांगणें सोपें आहे. शेजारी म्हणतो म्हणून आपण म्हणतों, भावकी करते म्हणून आपण करतों. तेंच कागदावर आपल्या सहीनें लिहावयास बसा; हात अडतो. 'हें मला खरोखर पटतें काय?' असें कागद विचारतो. आम्ही लिहावयास बसलों तेव्हां पांच पानें भरतील असें वाटलें होतें. उरल्या चार ओळी. पण त्या चार ओळी आमच्या स्वतःच्या आहेत, उसन्या नाहींत. म्हणून आम्ही म्हणतों, लिहिणें म्हणजे श्रद्धेची उफणणी.

लिहिलें म्हणजे सारें मनासारखें होतें असें मात्र समजूं नका. आपला देह जाळूं नये, मिठांत पुरावा, अशी इच्छा जोतीरावांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविली होती. त्यास परवानगी मिळाली नाहीं. दहन करावें लागलें. दत्तक मुलानें टिटवें धरण्यास भाऊबंदांनीं हरकत घेतली, तेव्हां सावित्रीबाई स्वतः टिटवें धरून पुढें चालल्या. पुढें १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च रोजीं, वयाच्या ६६ व्या वर्षीं, त्या गेल्या. जोतीरावांनीं श्रद्धा कागदावर लिहिली. या माउलीनें ती हातापायांनीं लिहिली. दोन्हीं अक्षरें वाचावयास शिका.

तरुणांनो, 'म्हातारपणीं लिहूं' असें म्हणूं नका. वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० चा, मांग समाजांतला. शाळा जवळजवळ नाहींच. तरी १९५९ सालीं त्यांची 'फकिरा' कादंबरी निघाली. १९६९ सालीं ते गेले तेव्हां वय अवघें ४८. त्यांना म्हातारपण मिळालेंच नाहीं. म्हातारपणाची वाट पाहत बसते, तर 'फकिरा' कोठून आला असता?

आणि वडीलधाऱ्यांनो, 'आम्ही अंगठेबहाद्दर, आम्ही काय लिहिणार?' असें म्हणूं नका. १९१९ सालीं कराडजवळ काले येथें भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली. अशा खटपटींमुळें, ज्यांचे आजे कागदावर अंगठा उठवीत, त्यांचीं नातवंडें आज कॉलेजांत जातात. तुम्ही सांगा, नातवंडाला लिहूं द्या. विहीर कोणत्या सालीं खणली, पाणी किती हातांवर लागलें. दुष्काळांत काय खाऊन दिवस काढले. आव्यांतलें मडकें तडकूं नये म्हणून काय करावें. पणजीचें नांव काय होतें. सातबाऱ्यावर जमीन लिहिलेली असते, ती कसणाऱ्या माणसाचें मन लिहिलेलें नसतें.

त्याच वहींत एक पान आपल्या श्रद्धेचें ठेवा. 'माझ्यामागें कर्ज काढून जेवणावळी घालूं नका. तेवढ्या पैशांत नातीची फी भरा' असें ज्याला वाटत असेल, त्यानें तें आज लिहावें आणि चारचौघांसमोर वाचून दाखवावें. नाहीं तर तुम्ही डोळे मिटल्यावर भावकी म्हणेल तें होईल, आणि त्याचें व्याज तुमचा मुलगा फेडीत बसेल. ज्याला विधि हवेत त्यानें तेंही लिहावें. जोरजबरी कोणावरच नको. पण जें व्हावयाचें तें तुमच्या मनाचें असावें.

उद्यां बाजाराचा दिवस आहे. मीठ-मिरचीबरोबर एक वही आणा.