‘माय नेबर टोटोरो’ पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

आजच्या एपिसोडमध्ये आपण एकाच सिनेमाबद्दल बोलणार आहोत. नाव आहे ‘माय नेबर टोटोरो’. जपानी सिनेमा आहे, 1988 सालचा. सगळी चित्रं हाताने काढलेली आणि लांबी फक्त 1 तास 26 मिनिटं. म्हणजे एखाद्या वेबसिरीजचे दोन एपिसोड बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच.

टोटोरोला तुम्ही पाहिलेलं असणारच, नाव माहीत नसलं तरी. करड्या रंगाचा, गलेलठ्ठ, टोकदार कानांचा, पोटावर नक्षी असलेला तो प्राणी. मोबाईलच्या कव्हरवर असतो, टी-शर्टवर असतो, कीचेनला लटकलेला असतो. ‘टॉय स्टोरी 3’मध्येसुद्धा खेळण्यांच्या गर्दीत तो बसलाय. आणि मार्च 2025 मध्ये आपण सगळे लग्नाचे, ट्रिपचे, मांजराचे फोटो ‘घिबली स्टाइल’ करून स्टेटसला टाकत होतो ना, ती स्टाइल ज्या स्टुडिओची, त्या स्टुडिओ घिबलीच्या लोगोवर हाच टोटोरो आहे.

पण सिनेमा बघितलाय का, असं विचारलं की बरेच जण म्हणतात, “सुरू केला होता गं. पंधरा-वीस मिनिटं बघितला. काहीच होईना, मग बंद केला.” आजचा एपिसोड खास या मंडळींसाठी, आणि ज्यांनी अजून सुरूच केला नाही त्यांच्यासाठी. आधी स्पॉयलर न देता बोलते. शेवटाबद्दल बोलायची वेळ आली की आधी सांगेन.

गोष्ट काय आहे?

गोष्ट आहे 1950 च्या दशकातल्या जपानची. टोकियोजवळच्या एका खेड्यात एक कुटुंब राहायला येतं. वडील विद्यापीठात शिकवतात. दोन मुली आहेत. मोठी सात्सुकी, चौथी-पाचवीच्या वयाची, आणि धाकटी मेई, चार वर्षांची. आई जवळच्या हॉस्पिटलमध्ये आहे. बरेच दिवस झालेत. आईला घरी आणता येईल तेव्हा हवा चांगली असावी, हॉस्पिटल जवळ असावं, म्हणून हे घर.

घर जुनं आहे. व्हरांड्याचा खांब किडलेला, हलवला तर डुगडुगतो. छतातून ओकच्या झाडाची फळं टपकतात. अंधाऱ्या खोलीचं दार उघडलं की काजळीचे काळे काळे गोळे भिंतीच्या फटींमध्ये पळून जातात. आणि घराशेजारी कापराचं एक प्रचंड झाड आहे. एक दिवस मेई अंगणात एकटी खेळत असताना तिला गवतात दोन कान दिसतात. ती त्यांच्या मागे मागे जाते, झुडपांच्या बोगद्यातून रांगत, आणि त्या झाडाच्या ढोलीत पडते. पडते ती थेट एका झोपलेल्या अजस्र प्राण्याच्या पोटावर! नाव विचारल्यावर तो जांभई देत जे काही गुरगुरतो, ते मेईला ‘टो-टो-रो’ असं ऐकू येतं. झालं, नाव पडलं.

यात मला सगळ्यात आवडतं ते मेईच्या बाबांचं वागणं. मेई सगळ्यांना ती जागा दाखवायला घेऊन जाते आणि वाट काही सापडत नाही. बाबा आणि ताई हसतात, मेई चिडते, मी खोटं बोलत नाहीये म्हणते. आता इथे आपल्याकडचे कितीतरी बाबा म्हणाले असते, “बरं बरं, चल आता, जेवायचं नाही का?” हे बाबा तसं करत नाहीत. तू जंगलाच्या राजाला भेटलीस, आणि त्याची भेट दरवेळी होतेच असं नाही, हे ते तिला समजावतात. मग दोघींना घेऊन त्या झाडापाशी जातात, ताठ उभे राहतात, वाकून नमस्कार करतात आणि मेईकडे लक्ष ठेवल्याबद्दल झाडाचे आभार मानतात.

त्या झाडाच्या बुंध्याला जाडजूड दोर गुंडाळलेला आहे. ही शिंतो पद्धत. हा वृक्ष पवित्र आहे, एवढं त्यातून कळतं. जपानबाहेरच्या प्रेक्षकांना हे समजावून सांगावं लागत असेल. वडाला सूत गुंडाळलेलं बघत आणि देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही हे ऐकत वाढलेल्या माणसाला ते दोन सेकंदांत कळतं.

कोणी केला?

दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. जन्म 1941 चा. ‘स्पिरिटेड अवे’ आणि ‘द बॉय अँड द हेरॉन’ या त्यांच्या सिनेमांना ऑस्कर मिळालंय. ‘टोटोरो’चं संगीत जो हिसाइशी यांचं. आणि शेतं, ढग, ओली पानं, संध्याकाळचा प्रकाश, हे सगळं ज्यांच्या देखरेखीखाली रंगवलं गेलं ते कला दिग्दर्शक काझुओ ओगा. सिनेमा बघताना एकदा पॉज करून नुसतं मागचं चित्र बघा. शेताच्या बांधावरचं गवतसुद्धा ओळखता येईल असं काढलंय.

एक गंमत सांगते. मियाझाकींच्या सुरुवातीच्या कल्पनेत दोन बहिणी नव्हत्याच, एकच मुलगी होती. नंतर तिच्या दोन झाल्या. म्हणून नावं बघा. सात्सुकी हे मे महिन्याचं जुनं जपानी नाव, आणि मेई म्हणजे इंग्रजी ‘मे’. सिनेमाच्या प्रसिद्ध पोस्टरवर बसस्टॉपपाशी टोटोरोशेजारी आजही एकच मुलगी उभी आहे. ती सात्सुकी नाही आणि मेईही नाही. नीट बघितलं तर दोघींची मिळून एक झालीये.

दुसरी गोष्ट ऐकून तुम्ही दचकाल. एप्रिल 1988 मध्ये हा सिनेमा जपानमध्ये लागला तो एकटा नाही. एकाच तिकिटात दोन सिनेमे होते, ‘टोटोरो’ आणि इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. ज्यांनी तो दुसरा बघितलाय, त्यांना कळलं असेल मी काय म्हणतेय. युद्धात आई गमावलेल्या भावाबहिणीची ती गोष्ट आहे, आणि ती बघून माणूस दिवसभर नीट बोलत नाही. त्या वेळी थिएटरात ‘टोटोरो’ फार मोठा चाललाही नाही. तो घराघरांत पोचला नंतर, टीव्हीवरून आणि त्या मऊमऊ खेळण्यांमुळे.

“पण काहीच होत नाही!”

आता मुख्य तक्रारीकडे येऊ. या सिनेमात व्हिलन नाही. लढाई नाही, शाप नाही, शोधायचा खजिना नाही. सुरुवातीची मिनिटं नुसती घर लावण्यात जातात. त्यामुळे आपला अंगठा फोनकडे वळतो.

2002 साली अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्याशी बोलताना मियाझाकींनी यावर एक साधं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, दोन टाळ्यांच्या मध्ये जो वेळ आहे त्याला जपानीत ‘मा’ म्हणतात. तो मोकळा वेळ ठेवला नाही तर नुसती धावपळ उरते. एखादं पात्र क्षणभर नुसतं बसतं, उसासा टाकतं, वाहत्या पाण्याकडे बघतं. गोष्ट पुढे सरकत नाही, पण आपण त्या जागी पोचतो.

बसस्टॉपचा प्रसंग बघा. सिनेमा मध्यावर आलाय. पाऊस पडतोय. बाबा छत्री विसरलेत म्हणून दोघी बहिणी छत्री घेऊन बसची वाट बघत उभ्या आहेत. बस येते, बाबा त्यात नाहीत. अंधार पडतो. मेईला झोप यायला लागते, सात्सुकी तिला पाठुंगळी घेते. रस्त्यात एक बेडूक संथपणे चाललाय. आणि मग छत्रीच्या कडेखालून सात्सुकीला शेजारी येऊन उभे राहिलेले मोठे केसाळ पाय दिसतात. डोक्यावर एक पान ठेवून टोटोरोही बसची वाट बघतोय! ती त्याला बाबांची छत्री देते. झाडावरून थेंब छत्रीवर पडतो, टप्. टोटोरो दचकतो. मग त्याला तो आवाज आवडायला लागतो. मग तो काय करतो ते सांगत नाही.

या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीत. तो बघताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढीच विनंती. मोबाईलवर बघत असाल तर निदान हेडफोन लावा आणि नोटिफिकेशन बंद करा. पावसाचा आवाज ऐकू आला नाही तर या सीनमधलं अर्धं गेलं.

इथून पुढे स्पॉयलर

ज्यांना नको असेल त्यांनी इथे थांबा, सिनेमा बघा, मग परत या.

तर ‘काहीच होत नाही’ असं वाटतं, तेव्हा खरं तर एक गोष्ट सतत होत असते. आई घरी नाहीये. सिनेमात तिच्या आजाराचं नाव येत नाही. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला त्यांच्या लहानपणी क्षयरोग झाला होता आणि ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. हे माहीत असलं की सात्सुकी वेगळी दिसायला लागते. ती सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते. मेई शाळेत येऊन बसते तर तिला सांभाळून घेते. रडत नाही, तक्रार करत नाही. घरातली मोठी ताई जशी असते, तशीच.

मग एक दिवस हॉस्पिटलची तार येते. आई शनिवारी घरी येणार होती, ते रद्द. साधी सर्दी आहे, काळजी करू नका. मेई हट्ट करते, सात्सुकी तिच्यावर ओरडते. आणि त्यानंतर शेजारच्या आजींसमोर सात्सुकीचा बांध फुटतो. मागच्या वेळीही थोड्याच दिवसांत येईल असंच सांगितलं होतं, म्हणते. आई गेली तर? एवढा वेळ शहाण्यासारखी वागणारी ती मुलगी तोंड वर करून, लहान मुलासारखी भोकाड पसरून रडते. मेई लांबून हे बघते. आणि आजींच्या मळ्यातलं मक्याचं कणीस आईला दिलं की ती बरी होईल, असं ठरवून कणीस कवटाळून एकटी हॉस्पिटलच्या वाटेला लागते. मोठ्या माणसाला पायी तीन तास लागतील अशी ती वाट.

इथे मला थांबावंसं वाटतं. घरात कुणी आजारी असतं तेव्हा पोरांना काय सांगतात? “काही नाही झालेलं. तू जा, अभ्यास कर.” हेतू चांगलाच असतो. पण मुलांना कुजबुज ऐकू येते, चेहरे दिसतात, आणि मग त्या अर्धवट माहितीवर त्यांची त्यांनीच गोष्ट रचलेली असते. ती बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक असते. मेईला कुणीच बसवून नीट सांगितलं नाही, म्हणून ती कणीस घेऊन निघाली. टोटोरो आईला बरं करत नाही, ते त्याच्या हातात नाहीच. तो सात्सुकीला बहीण शोधायला मांजर-बस देतो, बस्स. बारा पायांची, हसऱ्या तोंडाची ती बस, आणि तिच्या पाटीवर गावाच्या नावाऐवजी ‘मेई’ अशी अक्षरं येतात. तो क्षण आला की माझा घसा दर वेळी दाटतो.

आता त्या रीलबद्दल. “मेई खरं तर मेलेली असते, टोटोरो मृत्यूचा देव आहे” ही थिअरी तुमच्याकडे कधी ना कधी आली असेल. पुरावा काय, तर शेवटी मुलींच्या सावल्या दिसत नाहीत. स्टुडिओ घिबलीने 2007 मध्येच सांगून टाकलंय की असं काही नाही. आणि त्यांनी सांगायचीही गरज नव्हती, कारण उत्तर सिनेमातच आहे. शेवटची नावं सुरू झाली की लोक स्क्रीन बंद करतात. करू नका. त्या नावांबरोबरच्या चित्रांमध्ये आई गाडीतून उतरते, मुली तिला बिलगतात, पुढचे दिवस दिसतात. थिअरी शेअर करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, क्रेडिट्स बघा राव!

कसा बघायचा?

नेटफ्लिक्सवर घिबलीचे सिनेमे 2020 पासून आहेत. स्वतः बघत असाल तर मूळ जपानी भाषेत, सबटायटल लावून बघा. मेई मोठ्यांचे शब्द कसे बोबडे करते, ते त्यातच कळतं. घरात लहान मुलं असतील तर इंग्रजी डबही छान आहे. 2005 च्या त्या डबमध्ये सात्सुकी आणि मेईचे आवाज डकोटा आणि एल फॅनिंग यांचे आहेत, म्हणजे खऱ्या आयुष्यातल्याही बहिणी. भाचे-पुतणे असतील तर शेजारी बसून मराठीत सांगत बघा. संवाद इतके साधे आहेत की सहज जमतं.

घरात सध्या कुणी आजारी असेल तर लहान मुलांबरोबर बघताना शेवटच्या अर्ध्या तासात उठून जाऊ नका. ते प्रश्न विचारतील. विचारू द्या, आणि जमेल तेवढं खरं उत्तर द्या.

आणि सिनेमा आवडला तर एक गोष्ट शोधून बघा. ज्या सायामा टेकड्यांवरून मियाझाकींना हे जंगल सुचलं, तिथली झाडी वाचवायला 1990 मध्ये टोटोरोच्या नावाने एक निधी सुरू झाला. लोकांच्या देणग्यांमधून त्यांनी तिथल्या जंगलाचे पन्नासहून जास्त तुकडे विकत घेऊन राखलेत. टोटोरो काल्पनिक असला, तरी त्याच्या नावावर खरीखुरी झाडं उभी आहेत.

चला, आजच्यापुरतं इतकंच. सिनेमा बघितलात की मला कळवा, विशेषतः ज्यांनी वीस मिनिटांत बंद केला होता त्यांनी. या वेळी कुठपर्यंत पोचलात ते सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!