‘हॅव’ शिकविताना
(शिक्षकांपुढे केलेले भाषण)



सन २००० पासून आपल्या राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यातील एकाच क्रियापदाविषयी आज बोलावयाचे आहे. ते म्हणजे ‘हॅव’.

या क्रियापदाला मराठीत प्रतिशब्द नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पेन्सिल आहे’, ‘गाईला चार पाय आहेत’, ‘मला ताप आहे’ अशा निरनिराळ्या रचनांनी आपण जे सांगतो, ते इंग्रजी एका ‘हॅव’ने सांगते. म्हणून ‘हॅव म्हणजे असणे’ असा अर्थ फळ्यावर लिहून देऊ नये. मूल तो पाठ करील आणि ‘असणे’ म्हटले की ‘इज’कडे धाव घेईल.

खरी अडचण मात्र याहून खोल आहे. ‘रमेला एक भाऊ आहे’, ‘रमेला दोन भाऊ आहेत’. येथे क्रियापद भावांच्या संख्येप्रमाणे बदलले. रमेकडे त्याने पाहिलेही नाही. इंग्रजीत नेमके उलट. तेथे क्रियापद रमेकडे पाहते, भाऊ कितीही असोत. तेव्हा एखादे मूल ‘रमा हॅव टू ब्रदर्स’ असे लिहिते, ते निष्काळजीपणाने नव्हे. दोन भाऊ म्हणून अनेकवचन, हा मातृभाषेचा नियम ते प्रामाणिकपणे पाळीत असते. त्यावर नुसती तांबडी रेघ ओढली, तर आपले काय चुकले हे त्याला कळत नाही, आणि असे चारदोन वेळा घडले की ते तोंडच उघडीनासे होते.

यास चिंचोक्यांचा उपाय चांगला. गोविंदाच्या हाती एक चिंचोका द्यावा, ‘गोविंद हॅज वन सीड’. मग पाच द्यावेत, ‘गोविंद हॅज फाइव्ह सीड्ज’. क्रियापद हलले नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे. आता तेच पाच चिंचोके आपण स्वतःच्या हाती घ्यावेत, ‘आय हॅव फाइव्ह सीड्ज’. चिंचोके तेच, धनी बदलला, आणि क्रियापद बदलले! व्याकरणाचा एकही शब्द न उच्चारता नियम हाती येतो. शेवटी चिंचोके डब्यात टाकावेत, ‘गोविंद हॅड फाइव्ह सीड्ज’, ‘आय हॅड फाइव्ह सीड्ज’. भूतकाळी सर्वांना एकच रूप; मुलांना येथे मोठाच दिलासा मिळतो.

‘हॅविंग’ची घाई नको. जेवण चालू असता ते शोभते. पण जवळ पुस्तक आहे या अर्थी ‘आय ॲम हॅविंग अ बुक’ म्हणत नाहीत. आपण मोठी माणसेही तसे सर्रास बोलतो, ते मुलांच्या कानी न पडेल तर बरे.

प्रश्नरूप सर्वांत शेवटी घ्यावे. ‘डझ गोविंद हॅव अ सीड?’ येथे एकवचनाची खूण ‘डझ’ने आधीच उचललेली असते, म्हणून ‘हॅज’ पुन्हा ‘हॅव’ होते. आधीची वाक्ये जिभेवर रुळल्यावाचून हे शिकवू लागल्यास मुले ‘गोविंद हॅव’ म्हणू लागतात, आणि चिंचोक्यांचा डबा पुन्हा बाहेर काढावा लागतो.