उपवास असावा, उपासमार नसावी

नवरात्रात अंबाजोगाईच्या योगेश्वरीचरणी व्रतस्थ महिलांची रीघ लागते. व्रताने संयम येतो, हे खरेच. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. एरवी वडापाव आणि उपवासाला साबुदाणा, वेफर्स. याने पोट भरते, रक्त वाढत नाही. साबुदाण्यात लोह व प्रथिने नाममात्रच. ऊसतोडीच्या हंगामातही एकादशी, महाशिवरात्र येतेच. पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या बीडच्या मातेने कशाच्या बळावर मोळ्या वाहाव्यात? राजगिरा, शेंगदाणे, दूध, फळे हा फराळ आपल्याच परंपरेतला आहे. गर्भवती व आजारी स्त्रीने उपवास न केल्यास देवी कोपत नाही. गृहलक्ष्मी निरोगी, तरच राष्ट्र बलशाली!