नव्या खेळयंत्राची किंमत



शिरूर आणि दौंड हीं पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाचीं दोन तालुक्यांचीं गांवें. एक घोडनदीच्या कांठीं वसलेलें, दुसरें भीमेच्या. पहिल्याला जुनीं माणसें अजून घोडनदी म्हणूनच ओळखतात. दुसऱ्याचें नांव घेतलें कीं डोळ्यांपुढें रेल्वेचें जंक्शन उभें राहतें. ऊंस, कांदा आणि दूध यांच्या भावाची जेथें रोज चर्चा चालते, तेथल्या श्रोत्यांपुढें मीं व्हिडिओ गेमच्या यंत्रावर भाषण करावें, हें कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु रांजणगांवच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेला बाप आणि परीक्षा संपवून मोकळा झालेला मुलगा यांच्यांत हल्लीं जो वाद होतो, त्यांत हा विषय हटकून निघतो. मुलगा म्हणतो, "बाबा, आतां घेऊं नका, नवें येणार आहे." बाप म्हणतो, "अरे, नवें आलें म्हणजे जुनें स्वस्त होईल, मग तेंच घेऊं." दोघांचीहि इच्छा थांबण्याचीच, मात्र दोघांचीं कारणें निराळीं. ज्या वस्तूला एखाद्या दुभत्या गाईइतके पैसे पडतात, तिच्याबाबत या कारणांची थोडी झाडाझडती घेतली तर वेळ फुकट जाणार नाहीं.

प्रथम बापाचें म्हणणें पाहूं. तें निराधार नव्हतें. सोनी कंपनीचें दुसरें प्लेस्टेशन २००० सालीं अमेरिकेंत २९९ डॉलरना निघालें आणि २००९ सालीं तें ९९ डॉलरना मिळूं लागलें. तिसऱ्याची मोठी आवृत्ति २००६ सालीं ५९९ डॉलरची होती. तीनच वर्षांत त्या घराण्यांतील नवें सडपातळ यंत्र २९९ डॉलरना आलें. चौथें २०१३ सालीं ३९९ डॉलरना आलें व २०१६ पर्यंत २९९ वर उतरलें. याचें कारण उघड होतें. यंत्राच्या पोटांतील चिप दर दोन-तीन वर्षांनीं अधिक लहान आणि अधिक स्वस्त करतां येत असे, आणि त्या बचतीचा कांहीं वांटा ग्राहकाच्या पदरांत पडत असे. शिवाय कंपनी यंत्र जवळजवळ लागत किंमतीला, प्रसंगीं तोटा सोसूनहि विकते आणि पुढें खेळांच्या विक्रींतून तो भरून काढते. पांचव्या प्लेस्टेशनची ४९९ डॉलरची आवृत्ति आतां तोट्यांत विकली जात नाहीं, असें सोनीनें २०२१ च्या ऑगस्टमध्यें सांगितलें. म्हणजे बाजारांत आल्यावर पहिले कांहीं महिने ती तोट्यांतच होती.

पण हा जुना क्रम पांचव्या प्लेस्टेशनच्या वेळीं उलटला. २०२० च्या नोव्हेंबरांत ४९९ डॉलरना निघालेलें हें यंत्र २०२५ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंत ५४९ डॉलरवर गेलें. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरीज एक्सचें असेंच झालें: ४९९ चे मे २०२५ मध्यें ५९९ आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ६४९. निन्टेंडोचें स्विच २०१७ सालीं २९९ डॉलरचें होतें. त्याचा वारस स्विच २ हा जून २०२५ मध्यें ४४९ डॉलरना आला. पांच वर्षें जुनी झालेली वस्तु नवी असतांना होती त्याहून महाग व्हावी, हा या धंद्यांतला नवा अनुभव आहे. चिप लहान करण्याचा खर्चच आतां इतका वाढला आहे, कीं त्यांतून पूर्वीसारखी बचत उरत नाहीं. त्यांत अमेरिकेनें बसविलेल्या आयातकरांची भर पडली. आणि २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले.

ही मेमरीची गोष्ट आपल्याकडील लोकांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. चाकणच्या बाजारांत एखाद्या मोठ्या व्यापाऱ्यानें सगळा कांदा उचलला म्हणजे दौंडच्या गृहिणीला पावशेर घेतांनाहि त्याची झळ लागते. जगांतील बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं प्रचंड संगणकघरें उभारणाऱ्यांनीं यांचा माल आगाऊ उचलण्यास आरंभ केला, तेव्हां घरगुती यंत्रांच्या वांट्याला येणारा माल कमी झाला व भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्यें तर मायक्रॉननें सामान्य ग्राहकांसाठीं चालविलेला आपला 'क्रूशिअल' हा व्यवसाय बंद करण्याचें जाहीर केलें. खेळयंत्राला सोळा-सोळा गिगाबाइट मेमरी लागते. तेव्हां त्याची किंमत या वाऱ्यापासून अलिप्त राहणें शक्य नाहीं. सारांश, "जुनें स्वस्त होईल" हें बापाचें गणित आज बेभरंवशाचें झालें आहे.

आतां मुलाचें म्हणणें. नवें येणार हें खरें. या यंत्रांची एक पिढी साधारण सात वर्षें चालते आणि मध्यंतरीं तिची एक सुधारून वाढविलेली आवृत्ति निघते. चौथ्या प्लेस्टेशनची अशी 'प्रो' आवृत्ति २०१६ च्या नोव्हेंबरांत आली, पांचव्याची २०२४ च्या नोव्हेंबरांत. पुढच्या पिढीविषयीं सोनीचे मार्क सर्नी यांनीं ऑक्टोबर २०२५ मध्यें एएमडी या चिप बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांसह एक निवेदन केलें. प्रकाशाच्या किरणांचें गणित करणारे स्वतंत्र विभाग, चित्र आपल्या अजमासानें पूर्ण करणारी योजना आणि मेमरीवरील भार हलका करणारी माहितीची घडी, या तीन गोष्टींचें काम चालूं असून कांहीं वर्षांत येणाऱ्या यंत्रांत त्या घालण्याची इच्छा आहे, असें त्यांनीं सांगितलें. त्या निवेदनांत तारीख नव्हती आणि किंमतहि नव्हती.

किंमतीचा अजमास मात्र आपल्याला करतां येतो. चौथें प्लेस्टेशन भारतांत जानेवारी २०१४ मध्यें ३९,९९० रुपयांना आलें. त्या वेळीं डॉलर सुमारें ६२ रुपयांना होता, म्हणजे ३९९ डॉलरचे पावणेपंचवीस हजार झाले. वरचे पंधरा हजार कर, वाहतूक आणि नफा यांचे. पांचवें २ फेब्रुवारी २०२१ रोजीं ४९,९९० ला आलें. ४९९ डॉलरचे तेव्हां साडेछत्तीस हजार होत होते. पुढें नोव्हेंबर २०२२ मध्यें तें ५४,९९० झालें. २०१८ च्या अर्थसंकल्पानें अशा यंत्रांवरील सीमाशुल्क दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर नेलें. उलट वस्तु व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून अठ्ठावीसवरून अठरावर उतरला. शंभर रुपयांच्या आयातीवर वीस टक्के आणि त्या बेरजेवर अठरा टक्के धरले तर १४१ रुपये साठ पैसे होतात. सीमाशुल्क आयातीच्या भावावर असतें, दुकानांतल्या भावावर नाहीं, हें लक्षांत ठेवूनहि अमेरिकेंतील किंमतीच्या सुमारें १.४ पट हा हिशेब आपल्याला ढोबळ मानानें चालेल. डिसेंबर २०२५ मध्यें डॉलरनें नव्वद रुपयांची हद्द ओलांडली. नवें यंत्र ६०० डॉलरचें निघालें तर तें येथें पाऊण लाखाच्या आसपास आणि ७०० चें निघालें तर नव्वद हजारांच्या जवळ जाईल. हा माझा अजमास आहे. परंतु चाळीस-पन्नास हजारांची आशा बाळगून जो थांबला असेल, त्यानें तो ध्यानांत घ्यावा.

इतके पैसे मोजून मिळणार काय? यंत्राची शक्ति टेराफ्लॉपमध्यें सांगतात. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटि आंकडेमोडी. चौथ्या प्लेस्टेशनची शक्ति १.८४, त्याच्या प्रोची ४.२, पांचव्याची सुमारें १०.३ आणि त्याच्या प्रोची १६.७. आंकडे ऐकून मन हुरळतें. पण पांचव्याहून त्याचा प्रो चित्र काढण्यांत सुमारें ४५ टक्के जलद, असें खुद्द सोनीनेंच सांगितलें होतें. आणि ही सारी जादा शक्ति मुख्यतः चित्र अधिक रेखीव व अधिक स्थिर करण्यांत खर्च होते. तें पाहावयाचें कशावर? दिवाणखान्यांतला टीव्ही बत्तीस इंची, साधा असला, तर हा रेखीवपणा त्या पडद्यावर उमटतच नाहीं. चार-के म्हणतात तसा मोठा पडदा पाहिजे आणि तो फार दुरून पाहतां कामा नये. गंमत अशी, कीं टीव्ही बनविणारा एलजीचा कारखाना शिरूर तालुक्यांतच रांजणगांवला आहे. त्या पडद्याला जोडावयाचें यंत्र मात्र समुद्रापलीकडून येतें.

आणखी एक गोष्ट जाहिरातींत कोणी सांगत नाहीं. पांचव्या प्लेस्टेशनच्या माहितीपुस्तिकेंत तें ५ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णतेंत चालवावें असें छापलें आहे. दौंडचा एप्रिल-मे ज्यानें भोगला आहे, त्याला यावर अधिक बोलणें नको. पत्र्याच्या खोलींत, भिंतींतल्या कोनाड्यांत, वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवलेल्या यंत्रानें हें बंधन कसें पाळावें? सुट्टी नेमकी त्याच महिन्यांत. त्यांत उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आणि वीज येतां-जातांना होणारा दाबाचा चढउतार. पुढच्या यंत्राची शक्ति वाढली तर त्याची ऊबहि वाढण्याचा संभव आहे. म्हणून माझ्या मतें, आमच्या भागांतील माणसानें नव्या यंत्राविषयीं विचारावयाचा पहिला प्रश्न टेराफ्लॉपचा नसून तें किती वीज घेतें आणि किती तापतें, हा असावा.

दुसरा प्रश्न तबकडीचा. पांचव्याचा प्रो ६९९ डॉलरना निघाला, पण त्यांत तबकडी घालण्याची सोयच नव्हती. ती हवी तर ७९ डॉलर निराळे. ज्याच्या घरीं वेगवान इंटरनेट आहे आणि ज्याला प्रत्येक खेळ नवा विकत घेणें परवडतें, त्याला याचें कांहीं वाटणार नाहीं. तालुक्याच्या गांवांतली रीत निराळी आहे. एकानें खेळ घ्यावा, संपवावा, दुसऱ्याला निम्म्या किंमतीला द्यावा, तिसऱ्याकडून बदल्यांत दुसरा आणावा. पांचव्या प्लेस्टेशनचे मोठे खेळ भारतांत ४,९९९ रुपयांना आले. वर्षाला असे चार घेतले तर पांच वर्षांत एक लाख रुपये होतात, म्हणजे यंत्राहून खेळच महाग. तबकडी असली तर त्यांतले निदान कांहीं पैसे परत फिरतात. नुसता उतरवून घेतलेला खेळ विकतां येत नाहीं आणि मित्राच्या हातांतहि ठेवतां येत नाहीं. येणाऱ्या यंत्रांतून तबकडी गेली, तर किंमत शंभर डॉलरनें उतरली तरी आपल्यासारख्यांना तें महागच पडेल.

शिवाय नवें निघालें म्हणजे तें येथें येईलच असेंहि नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रो आवृत्ति जगभर विकण्यास काढली, तेव्हां भारताला वगळलें गेलें; कारण किंमतीचें नव्हतें, तर आकाशलहरींचें होतें! त्या यंत्रांतील वायफाय सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालणारें, आणि तो पट्टा आपल्या देशांत अशा वापरासाठीं तेव्हां खुला केलेला नव्हता. सरकारनें त्याचा खालचा भाग मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्यें प्रसिद्ध केला. दरम्यान कांहीं व्यापाऱ्यांनीं परदेशांतून यंत्रें आणून ज्यादा दरानें विकलीं. अशा यंत्राला येथें कंपनीची हमी मिळत नाहीं. तें बिघडलें म्हणजे शिरूरहून पुण्याला नेऊनहि भागत नाहीं.

तेव्हां घ्यावें तरी काय? ज्याच्या घरीं पांचवें यंत्र आहे आणि टीव्ही साधा आहे, त्यानें वाढीव आवृत्तीच्या नादीं लागूं नये. ज्याच्याकडे कांहींच नाहीं आणि ज्याला खरोखर हौस आहे, त्यानें पुढच्या पिढीची वाट पाहण्यापेक्षां हमी असलेलें, तबकडीचें साधें यंत्र घ्यावें. कारण नवें आलें तरी दोन-तीन वर्षें बहुतेक खेळ दोन्हींवर निघत राहतात, असा मागील अनुभव आहे. आणि ज्याला कर्जाचे हप्ते बांधून घ्यावें लागणार आहे, त्याच्या मुलानें आणखी एक वर्ष मित्राकडे जाऊन खेळावें. हें सांगणें कटु वाटेल, पण हप्त्याचें व्याज हा सुद्धां यंत्राच्या किंमतीचाच भाग आहे.

शक्ति थोडी कमी असली म्हणजे खेळ हलका, अशी मुलांची समजूत असते. 'राजी' हा खेळ पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं केला. भारतीय पुराणकथा आणि वास्तुशिल्प यांवर उभारलेला हा खेळ ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम निघाला तो निन्टेंडोच्या स्विचवर, म्हणजे त्या वेळच्या यंत्रांतल्या सर्वांत दुबळ्यावर. आणि तो जगभर खेळला गेला.

आणि ज्या मुलाला खेळाहून यंत्राच्या पोटांत काय आहे याचीच जिज्ञासा अधिक, त्यानें पाबळला जाऊन यावें. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेंतील एमआयटी या विद्यापीठाच्या सहकार्यानें २००२ सालीं तेथें फॅब लॅब सुरू झाली. विद्यापीठाबाहेर निघालेल्या अशा पहिल्या कर्मशाळांपैकीं ती एक. संगणकावर आंखलेली वस्तु तेथें खेड्यांतलीं मुलें आपल्या हातांनीं तयार करतात. रांजणगांवला केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुमारें ४९३ कोटि रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुलाला मंजुरी दिली आहे. तेथें पहिला मोठा कारखाना शीतकपाटांचा ठरला. खेळयंत्र जोडणारा कोणी तेथें आला, तर सीमाशुल्काचा सबंध यंत्रावरचा वीस टक्क्यांचा बोजा निघून जाईल आणि वर केलेला सगळा हिशेब मला नव्यानें मांडावा लागेल.